रेफ्रीला घेराव कशाला?

संपादक साहेब,

कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर फुटबॉल मॅच म्हटलं की पेठापेठांची ईर्षा आलीच, त्याशिवाय मजा पण नाही. पण पेनल्टी दिली की अख्खी टीम रेफ्रीच्या अंगावर, कोण ढकलतंय, कोण शिव्या देतंय आणि गॅलरीतनं बाटल्या सुरू, हे आता लई झालं. २०२४ च्या युरो कपला नियमच केला होता, रेफ्रीशी फक्त कॅप्टननं बोलायचं, दुसरा कोण वाद घालायला आला की यलो कार्ड. आपल्याकडं का नको? गोलकीपर कॅप्टन असला तर बोलायला आधीच दुसरा एक प्लेयर ठरवून द्यायचा, एवढं सोपंय. इंग्लंडमध्ये तर लोकल मॅचला उलट बोललं की १० मिनिटं बाहेर बसवतात.

आता रेफ्री पण चुकतात हो, ऑफसाइडला लाइनमन मागंच राहिलेला असतो. आपल्याकडं व्हीएआर (व्हिडिओ बघून निर्णय तपासायची सोय) नाही, मग निदान फिटनेस टेस्ट, नव्या नियमांचं ट्रेनिंग आणि बरं मानधन तरी द्या की. नुसत्या शिव्या खायला कोण पोरगं शिट्टी हातात घेणार? आणि मारामारी करणाऱ्यावर बंदी घातली तर ती सीझनभर टिकू दे, फायनलच्या तोंडावर माफी नको.

– एक फुटबॉलवेडा, कोल्हापूर