दुकान चालू ठेवा, पण २१ दिवसांच्या हिशेबाने

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, दुकान बंद करा असं मी म्हणणार नाही. हाताला काम असलं की तुमचं जेवण नीट जातं, हे आईलाही माहीत आहे. पण नागपूरच्या महाल भागातलं ते शिलाईचं दुकान आजवर लग्नसराईवर चाललं, ते आता केमोच्या फेरीवर चालवायचं. पहिल्या दिवशी ऑक्सालिप्लॅटिनची सलाईन, त्याच रात्रीपासून १४ दिवस कॅपेसिटाबीनच्या गोळ्या, मग ७ दिवस सुट्टी. सलाईननंतरचे चार-पाच दिवस मळमळ आणि थकवा असतो, तेव्हा दुकानात गेलातच तर तासभर बसून हिशेब बघा. सुट्टीचा आठवडा बहुतेकांना सगळ्यात बरा जातो. कटिंग त्या आठवड्यात घ्या. गिऱ्हाइकाला तारीख द्यायच्या आधी भिंतीवरचं कॅलेंडर बघायचं. शाळेच्या गणवेशांची ऑर्डर या वर्षी नकोच. आपल्याकडे शाळा जूनअखेर उघडतात तरी ते काम मे महिन्याच्या उन्हात करावं लागतं, आणि ते उशिरा देऊन चालत नाही.

गोळ्या ५०० मिलिग्रॅमच्या, सकाळी ३ आणि रात्री ३, म्हणजे एका फेरीला ८४. जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत, साध्या पाण्याबरोबर, दोन वेळांत साधारण १२ तास ठेवून. एखादी वेळ चुकली तर पुढच्या वेळी ६ घ्यायच्या नाहीत. चुकली ती चुकली, वहीत लिहा. गोळी तोडू नका, कुटू नका. आई, तू काढून देत असशील तर उघड्या हाताने नको, झाकणात काढून दे. आणि शेजारच्यांनी सुचवलेली ताकदीची गोळी डॉक्टरांना दाखवल्याशिवाय नको. त्यात बरेचदा फॉलिक ॲसिड असतं, त्याने कॅपेसिटाबीनचा त्रास वाढतो.

आता थंडाव्याचं. नागपूरच्या एप्रिल-मेमध्ये हे पाळणं सगळ्यात जड, म्हणून सविस्तर लिहिते. ऑक्सालिप्लॅटिन नसांना थंडीबद्दल हळवं करतं. सलाईननंतर किमान ५ दिवस फ्रिजचं पाणी, बर्फ, कुल्फी काही नाही, आणि बाबा, माठाचंही नाही. पाणी साध्या तांब्यातलं, हवं तर कोमट. चुकून थंड घोट गेला तर घसा आवळतो, श्वास अडकल्यासारखा वाटतो. घाबरू नका, कोमट पाण्याचे घोट घेत बसा, काही मिनिटांत ओसरतं. ओसरलं नाही, किंवा अंगावर पुरळ आणि छातीत घरघर असेल, तर मात्र थेट दवाखाना. फ्रिज उघडायचं काम त्या दिवसांत आईचं. कूलर लागणारच, पण झोत तोंडावर नको; खाट बाजूला सरकवा. सलाईनच्या दिवशी घरी येताना गाडीतल्या एसीची जाळी तुमच्याकडून वळवून ठेवायची. कूलरची टाकी दर आठवड्याला पूर्ण रिकामी करून घासायची, डासांची अंडी कडेला चिकटून राहतात आणि केमोने रक्तातल्या पेशी कमी असताना डेंग्यू परवडणारा नाही.

थंड नको म्हणून पाणी कमी झालं, असं मात्र होऊ देऊ नका. दिवसाला अडीच लिटर तरी पोटात गेलं पाहिजे. साधं वरण, ताज्या दुधाच्या घरच्या दह्याचं पातळ ताक, कोमट पन्हं, सगळं त्यात धरा. उन्हात घामाने पाणी जातं, त्यात जुलाब लागले तर किडनीवर ताण येतो. रोजच्यापेक्षा ४ वेळा जास्त जावं लागलं किंवा रात्री त्यासाठी उठावं लागलं, तर पुढची कॅपेसिटाबीन थांबवून डे-केअरला, म्हणजे सलाईन लावतात त्या विभागाला, फोन करा, आणि ओआरएसचं पाकीट पूर्ण १ लिटर पाण्यात करून घोट-घोट घ्या. छातीत दुखलं तरीही गोळी थांबवायची, आणि तेव्हा फोन करत बसायचं नाही, निघायचं.

बाबा, हातांचं मला सगळ्यात जास्त वाटतं. कॅपेसिटाबीनने तळहात-तळपाय लाल होतात, जळजळतात, मग सोलतात, आणि जिथे दाब आणि घर्षण तिथे आधी. तुमची कात्री नेमकी अंगठ्याच्या मुळाशी दाबते. कात्रीच्या कड्यांना मऊ कापड गुंडाळा, एका बैठकीत दोनच कपडे कापा. इस्त्री कारागिराकडे द्या, तिची आच सोसू नका. पायात घट्ट चप्पल नको. आणि ऑक्सालिप्लॅटिनने बोटं बधिर होतात, तेव्हा सुई टोचलेली कळत नाही. तुरपाई आणि काज-बटण दुसऱ्याकडे, अंगुस्ताना घालूनही नाही. कापलं तर स्वच्छ कापडाने १० मिनिटं सलग दाबून धरा, मध्ये उघडून बघू नका. रोज सकाळी सदऱ्याची बटणं स्वतः लावून बघा. पुढच्या सलाईनपर्यंत बधिरपणा गेला नसेल, किंवा बटण लावणं जड जाऊ लागलं, तर डॉक्टरांना सांगा. ते मात्रा कमी करतात. सांगितलं तर औषध बंद करतील म्हणून गप्प बसणारे खूप असतात, आणि त्यांचा बधिरपणा नंतर वर्षानुवर्षं राहतो. तुमचे हात मला तसे नको आहेत.

आई, सावजीचा झणझणीतपणा आणि तर्री काही महिने बाजूला. तोंड आलं तर संत्रही चुरचुरतं. १ लिटर पाण्यात १ चमचा मीठ, १ चमचा खायचा सोडा, दिवसातून ४-५ वेळा गुळण्या. सांबार (कोथिंबीर) तीन पाण्यांतून धुऊन शिजवूनच, वरून कच्चा भुरभुरवू नको. बाबांचे घामाचे किंवा उलटीचे कपडे वेगळे, हातमोजे घालून धू. संडासात दोनदा पाणी टाकायला सांग.

ताप १००.४ झाला की रात्रीचे २ वाजले तरी निघायचं. आधी तापाची गोळी नको, ताप झाकला जातो आणि पांढऱ्या पेशी किती खाली आल्यात ते कळायला उशीर होतो. दाराजवळच्या पिशवीत फाइल, रक्ततपासणीचा (सीबीसी) शेवटचा रिपोर्ट, आधार, रेशनकार्ड आणि गोळ्यांची वही राहू द्या.

पार्सलमध्ये डिजिटल थर्मामीटर आणि १० टक्के युरियाचं क्रीम पाठवते आहे. क्रीम दिवसातून तीनदा, तळहाताला आणि तळपायाला, पहिल्याच दिवसापासून. लाल होण्याची वाट बघू नका.

तुमची लेक