मंत्रीसाहेब, 18 जुलै 1947 चं पान कुठाय?

सन्माननीय मंत्रीमहोदय,

सप्रेम नमस्कार. आपण कामात असाल, वेळ घेतेय त्याबद्दल क्षमस्व. मी मुंबईत काळाचौकीला राहते, बँकेतून रिटायर झालेय, म्हणजे हिला वेळच वेळ असं सगळ्यांना वाटतं, आपल्या खात्याला तर जरा जास्तच वाटतं.

27 फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनाच्या कार्यक्रमात आपण माईकवर सांगितलंत की जुनी मराठी वर्तमानपत्रं सहा महिन्यांत मोबाईलवर शोधता येतील, घरबसल्या, एका क्लिकवर. मी चौथ्या रांगेत होते, टाळ्यापण वाजवल्या. सहा महिने कधीच उलटले. मी रोज क्लिक करते. आधी चक्र फिरत राहतं, मग 'पान सापडले नाही' येतं, वर तुमचा हसरा फोटो मात्र पटकन लोड होतो.

पान कशाला हवंय ते सांगते. माझे आजोबा परळला गिरणीत होते. 17 जुलै 1947, गुरुवार, भाऊच्या धक्क्यावरून अलिबागजवळच्या रेवसला जाणारी रामदास बोट, तिच्यात बसले, गटारीला गावी चाललेले. काशाच्या खडकापाशी बोट बुडाली, सहाशेच्या वर माणसं गेली. स्वातंत्र्याला महिनासुद्धा नव्हता. आजोबा सापडलेच नाहीत. फोटो नाही, मृत्यूचा दाखला नाही, काहीच नाही. आजी एवढंच सांगायची की पेपरात नाव आलेलं, गावातल्या मास्तरांनी वाचून दाखवलं, तिला कुठं वाचता येत होतं, आणि तो पेपर नंतर कुणीतरी सुकट बांधायला घेतला. आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, तेव्हा दोन वर्षांचे. आता ऐंशी झाली. म्हणतात, छापलेलं नाव एकदा बघू दे, मग कुठं न्यायचं ते न्या.

त्या एका ओळीसाठी मी एका सरकारी ग्रंथालयात चौदा फेऱ्या मारल्या, पंधरा असतील, रिक्षा-टॅक्सी-झेरॉक्स धरून चारेक हजार गेले, हिशोब ठेवला नाही, बँकवाली असून. (ग्रंथालयाचं नाव लिहीत नाही, तिथल्या शिपाईमावशी फार चांगल्या आहेत, त्यांना त्रास नको.) पहिल्यांदा गेले तर साहेब म्हणाले, लोकसत्ता नाहीतर मटा बघा. अहो साहेब, लोकसत्ता निघाला 1948 ला आणि मटा 1962 ला, 1947 च्या बोटीची बातमी त्यांनी काय आदल्या जन्मी छापली? मग म्हणाले, नवाकाळ वगैरे जुन्यांचं स्कॅनिंग झालंय आमच्याकडे. म्हटलं दाखवा. तर ते हार्ड डिस्कमध्ये आहे, हार्ड डिस्क कपाटात, आणि चावी ज्यांच्याकडे ते बदलून गेले. कुठं गेले, तर माहीत नाही. कॉन्ट्रॅक्टरचं बिल मात्र निघालंय, हे त्यांनीच सांगितलं, अभिमानानं.

गेल्या मंगळवारी मावशींनी माळ्यावरून जुलैची बांधीव फाईल काढून दिली. धुळीनं दोघी शिंकतोय. पान उलटलं की कडा पापडासारखी मोडून टेबलावर पडतेय, मी श्वास धरून एकेक पान उचलतेय, 16, 17, आणि 18 जुलैच्या पानाला मधोमध चौकोनी भोक. ब्लेडनं कापलेलं, पट्टी लावून, सरळ. त्या भोकातून मागच्या पानावरची केसांच्या तेलाची जाहिरात दिसत होती, लांब केसांची बाई. मी तिच्याकडे किती वेळ बघत बसले मला माहीत नाही. वेळेत स्कॅन करून लोकांना दिलं असतं तर कुणी कापलं असतं का?

आणि हे होत नाही असं नाही. जुने पेपर शोधायला ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाची ट्रोव्ह ही वेबसाइट आहे, न्यूझीलंडची पेपर्स पास्ट आहे, दोन्ही फुकट. ट्रोव्हवर तर मशीननं चुकीचं वाचलेलं लोकच घरी बसून दुरुस्त करतात. माझ्या भाच्यानं तिथं शोधलं आणि पाच मिनिटांत आमच्या बोटीची बातमी निघाली! सहा ओळी, आकडा आहे, नावं नाहीत, त्यांना आमची नावं कशाला हवीत. म्हणजे रेवसची बोट बुडाल्याचं सिडनीत बसून कळतं, काळाचौकीत नाही.

तुमचे लोक म्हणतील देवनागरी मशीनला वाचायला अवघड आहे. आहेच. जोडाक्षरं, पुसट शाई, त्यात 1962 च्या आधीचं शुद्धलेखन, 'नांव' 'कांहीं' सगळीकडे अनुस्वार, आपण 'नाव' टाकलं तर हाताला काही लागत नाही. मग राहू दे ना सर्च! नुसते फोटो तारखेप्रमाणे लावून द्या, आमचे डोळे आहेत अजून. इथं तर फाईलचं नाव 'स्कॅन 0047', कुठला पेपर, कुठलं साल, देव जाणे.

आता खरं बोलते. पुतण्याच्या कास्ट व्हॅलिडिटीला तुमच्याच सरकारनं 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा मागितला. आम्ही दिला, आजीच्या पेटीतून, वाळवी झटकून. गिरणी कामगारांच्या घराच्या फॉर्मला कागद, रेशन कार्डाला कागद, नावात एक वेलांटी चुकली तर अॅफिडेव्हिट. आमच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत तीन पिढ्यांचे कागद पत्र्याच्या डब्यात नीट राहतात आणि तुमच्या एवढ्या मोठ्या बिल्डिंगीत एक पान राहत नाही? पुरावा फक्त आम्हीच जपायचा काय? 3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, पेढे वाटलेत. दर 6 जानेवारीला पहिल्या मराठी वर्तमानपत्राच्या, दर्पणच्या नावानं ते काढणाऱ्या बाळशास्त्री जांभेकरांच्या फोटोला हार घालता, 2032 ला दर्पणला 200 वर्षं होतील तेव्हा मांडव किती कोटींचा घालाल त्याची मला आत्ताच धास्ती वाटते. हार जरा कमी घाला, पेपर वाचवा.

दुसऱ्या कुठल्यातरी पेपरात ती यादी असेल, त्या हार्ड डिस्कमध्येपण असेल. अण्णांना मी भोकाचं सांगितलेलं नाही, फाईल बायंडिंगला गेलीय म्हटलंय, म्हणजे तुमच्या खात्याची भाषा मलापण यायला लागली. तेव्हा साहेब, कपाट कुठलं तेवढं लेखी कळवा. आमच्या चाळीच्या तोंडाशी चावीवाला बसतो, त्याला मी स्वतः घेऊन येते, त्याचे पैसेपण मीच देईन.

आपली,
काळाचौकीची एक नागरिक