घाबरलेल्या मांजरांना वेळ द्या

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

प्राण्यांच्या निवारा केंद्रात आलेल्या मांजराला घर मिळण्याजोगे मानायचे की नाही, याचा निवाडा अनेकदा पहिल्या दोन-तीन दिवसांतच होऊन जातो, आणि त्यात सर्वाधिक अन्याय होतो तो घाबरलेल्या मांजरांवर. याविषयी आपल्या वृत्तपत्रातून थोडे लिहू इच्छिते.

नव्याने आलेले मांजर पिंजऱ्याच्या मागच्या कोपऱ्यात, पुष्कळदा मातीच्या ट्रेमध्येच, अंग चोरून बसते. त्याचे कान चपटे झालेले असतात, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारलेल्या असतात आणि हात पुढे आला की ते फिसकारून पंजा मारते. मग त्याच्या कार्डावर ‘रानटी’ असा शेरा पडतो, आणि जिथे जागा अपुरी असते तिथे हा शेरा त्याच्या जिवावर बेततो. वास्तविक वर्षानुवर्षे घरात वाढलेले, पण मालकाच्या निधनामुळे अचानक पोरके झालेले मांजरही सुरुवातीला हुबेहूब असेच वागते. कुत्र्यांचे भुंकणे, परके वास आणि लपायला आडोसा नाही, अशा स्थितीत त्याने दुसरे करावे तरी काय? नेदरलँड्समधील एका निवारा केंद्रात झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, लपण्यासाठी खोके मिळालेली मांजरे खोके न मिळालेल्या मांजरांपेक्षा लवकर सावरल्याचे आढळले. इतका साधा उपाय प्रत्येक पिंजऱ्यात का नसावा, हे मला खरोखर समजत नाही. शिवाय ताणामुळे मांजराच्या शरीरात दबून राहिलेला विषाणूसंसर्ग उफाळून शिंका आणि डोळ्यांतून पाणी सुरू होते, आणि आधीच्या शेऱ्याला ‘आजारी’ हा दुसरा शेरा जोडला जातो.

माणसाच्या स्पर्शाविना वाढलेल्या मांजरांची गोष्ट मात्र वेगळी आहे. पिल्लू माणसाळण्याचा सर्वांत अनुकूल काळ साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यापर्यंतचा असतो. तो निसटला की पुढे ते अवघड होत जाते, आणि पूर्ण वाढलेल्या रानटी बोक्याला घरात कोंडणे ही बहुतेक वेळा त्याला शिक्षाच ठरते. अशा मांजरांना पकडून, निर्बीजीकरण व लसीकरण करून, ओळखीसाठी कानाचे टोक कापून मूळ जागी सोडणे हाच त्यातल्या त्यात माणुसकीचा मार्ग आहे. भाटी पाच-सहा महिन्यांची होण्याआधीही गाभण राहू शकते आणि जेमतेम नऊ आठवड्यांत विते, हे लक्षात घेतले तर निर्बीजीकरणातली दिरंगाई किती महाग पडते ते कळेल. मूळ जागी जिवाला धोकाच असेल तर गोठा, कोठार अशा ठिकाणी त्यांची सोय करता येते. पण तिथे नेऊन लगेच मोकळे सोडणे म्हणजे त्यांना हरवून टाकणे आहे. जुन्या जागेच्या ओढीने ती निघून जातात आणि वाटेत बळी पडतात. नव्या जागी त्यांना काही आठवडे प्रशस्त, बंदिस्त जागेत ठेवून रोज ठरल्या वेळी खाऊ घातले, तरच ती तिथे टिकण्याची शक्यता वाढते.

या दोन प्रकारांतला फरक पिंजऱ्यात नीट कळत नाही. शांत खोलीत तो कळू शकतो. म्हणूनच तात्पुरता सांभाळ करणाऱ्या घरांची फार गरज आहे. त्यासाठी एखादी रिकामी खोली, लपायला खोके आणि मांजराकडे टक लावून न पाहता त्याच्या जवळपास वाचत बसण्याची तयारी एवढे सुरुवातीला पुरते. मांजर आपण होऊन येऊन पायाला अंग घासेपर्यंत त्याला उचलू नये. त्याने दिवसभर अन्नाला तोंडच लावले नाही, तर मात्र थांबून न राहता पशुवैद्यांना दाखवावे, कारण उपाशी मांजराच्या यकृतावर गंभीर परिणाम होतो.

निवारा केंद्रांनी ‘रानटी’ हा शेरा मारण्यापूर्वी मांजराला आडोसा आणि पुरेसे दिवस द्यावेत, आणि सांभाळणाऱ्या घरातली त्याची वागणूक कार्डावर नोंदवावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. दत्तक घेण्यासाठी येणाऱ्यांनीही पुढे धावत येणाऱ्या पिल्लांबरोबरच खोक्यात दडून बसलेल्या प्रौढ मांजराची चौकशी जरूर करावी.

आपली,
एक वाचक