चालती ट्राम जपावी

महोदय,

मेलबर्नच्या 'डब्ल्यू' वर्गाच्या ट्राममध्ये आजही बसता येते, याचे श्रेय तिथल्या नागरिकांच्या हट्टाला द्यायला हवे. १९२३ ते १९५६ या काळात या वर्गाच्या साडेसातशेच्या आसपास ट्राम बांधल्या गेल्या, त्यातल्या बहुतेक शहराच्याच प्रेस्टन कारखान्यात. सुरुवातीच्या डब्यांची रचना मोठी सुरेख: दोन्ही टोकांना बंदिस्त भाग आणि मधला भाग उघडा, खालच्या पातळीवरचा, म्हणजे चढणाऱ्याला पायरी कमी. नंतरच्या डब्यांना सरकते दरवाजे आले. हिरवा-पिवळसर रंग मात्र टिकला. आता काही निवडक डब्यांना नवे ब्रेक बसवून ते ३५ क्रमांकाच्या सिटी सर्कल मार्गावर मोफत चालवले जातात. जतन म्हणतात ते हेच! काचेआडचा डबा दिसतो, पण मोटरचा घरघराट आणि वळणावरचा रुळांचा आवाज त्यातून कसा कळणार? शिवाय गाडी धावती ठेवायची तर ती दुरुस्त करणारे हातही तयार ठेवावे लागतात.

मुंबईत १९०७ साली आलेली विजेची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी बंद झाली. आज तिचा एकही डबा रस्त्यावर धावत नाही. कोलकात्यातही २०२४ मध्ये मैदान-एस्प्लनेडचा तुकडा सोडून बाकी ट्राम बंद करण्याची घोषणा झाली. तिथले जुने डबे भंगारात काढण्याआधी त्यांतले चांगले निवडून, दुरुस्त करून या उरलेल्या मार्गावर चालवावेत, अशी कळकळीची विनंती.

– एक वाचक, दादर