रहस्य डोळ्यांसमोरच असते

संपादक महोदय,

१९९३ साली दूरदर्शनवर आलेल्या ‘ब्योमकेश बक्षी’ या हिंदी मालिकेतील ‘सत्यान्वेषी’ हा भाग नुकताच घरातील तरुण मंडळींसमवेत पुन्हा पाहिला. कलकत्त्यातील मेसमध्ये अतुलचंद्र मित्र हे खोटे नाव घेऊन राहणारा गुप्तहेर ब्योमकेश, त्याच्या खोलीतला अजित आणि सर्वांशी गोड बोलणारे होमिओपॅथ अनुकूलबाबू, एवढ्याच सामग्रीवर दिग्दर्शक बासू चटर्जी यांनी रहस्य असे उभे केले आहे, की कोकेनचा व्यापार डॉक्टरच चालवतात (इतक्या वर्षांनंतर हे फोडल्याबद्दल वाचक क्षमा करतील), ही गोष्ट समोर असूनही शेवटपर्यंत ध्यानात येत नाही. रजित कपूर यांचा ब्योमकेश तर आवाजही चढवत नाही. हल्ली मात्र संशयिताचा चेहरा तीनतीनदा, कर्कश संगीतासह दाखवल्याखेरीज दिग्दर्शकांना चैन पडत नाही.

मूळ बंगाली कथा हिंदीतून पाहून तिच्यावर मराठीतून वाद घालणे, हे आम्हां इंदूरकरांना नवे नाही. २०२०च्या टाळेबंदीत दूरदर्शनने ही मालिका पुन्हा दाखवली होती. तशीच ती आताही, शक्यतो रात्रीच्या जेवणानंतर, दाखवावी, अशी विनंती आहे.

आपला,
एक वाचक, रामबाग, इंदूर