काका, तुमचे आभार मानायचे राहून गेले होते

आदरणीय काका,

साष्टांग नमस्कार.

2016 च्या जानेवारीत कच्चं तेल पिंपाला 30 डॉलरच्या खाली गेलं. दीड वर्षापूर्वी तेच शंभरावर होतं. कोळसा, लोहखनिज, सगळ्यांचेच भाव पडले होते. त्याचा आपल्या एक्सकॅव्हेटरच्या (खोदाई यंत्रांच्या) कारखान्याशी काय संबंध, असं मी म्हणालो, तेव्हा तुम्ही म्हणालात, "खाणवाल्यांनी हात आखडला की पहिला फटका आपल्याला."

तसंच झालं. आधी ओव्हरटाइम बंद, मग तिसरी पाळी, मग कंत्राटी पोरं गेली. यार्डात तयार एक्सकॅव्हेटर ओळीने उभे, बकेटमध्ये पावसाचं पाणी साचलेलं. शेवटी यादी लागली, तिच्यात माझंही नाव होतं.

सिलिंडर असेंब्लीवर, म्हणजे तेलाच्या दाबाने यंत्राचा हात हलवणारे सिलिंडर जोडण्यात, माझी बारा वर्षं गेली होती. लॉकर रिकामा करताना कुणी नजरेला नजर देत नव्हतं. त्यांचा दोष नाही. पुढच्या यादीची धास्ती प्रत्येकालाच होती. तुम्ही मात्र शेजारी येऊन बसलात. "नवीन मशीन खपत नाही म्हणून जुनं चालायचं थांबत नाही. आता लोक जुन्यावरच भागवणार. दुरुस्तीकडे वळ."

मला ते झेपेल असं वाटत नव्हतं. नवे पार्ट जोडणं वेगळं, बिघाड ओळखणं वेगळं. म्हणून सलग सहा रविवार तुम्ही मला तुमच्या ओळखीच्या वर्कशॉपमध्ये नेलंत. पहिल्याच दिवशी गळका सिलिंडर खोलून पिस्टन रॉड पुढ्यात ठेवलात. टॉर्च मारून पाहिलं, मला काहीच दिसेना. "नख फिरव," म्हणालात. एका जागी नख अडलं. "जे नखाला अडतं, ते तेल अडवणारं सील फाडतं." आणि आल्या आल्या तेल पुसायचं नाही, गळती कुठून आहे ते तेलच दाखवतं, हेही तेव्हाच शिकलो.

अनुभवाच्या दाखल्यावर नुसतं 'ऑपरेटर' लिहिलं होतं. तुम्ही तो परत पाठवून 'हायड्रॉलिक सिलिंडर असेंब्ली व टेस्टिंग' असं लिहून आणलंत. पुढे प्रत्येक मुलाखतीत विचारणा झाली ती त्याच ओळीवरून.

तिसऱ्या महिन्यात त्याच वर्कशॉपने मला ठेवून घेतलं. पगार कमी होता, पण महिन्याच्या महिन्याला येत होता. त्या दिवसांत आमच्या घराला त्याचाच आधार होता, काका. हे तुम्हाला तोंडावर कधी सांगता आलं नाही.

येत्या रविवारी घरी येतो. तुमची टॉर्च माझ्याकडेच राहिली आहे, तीही आणतो.

तुमचा,
सिलिंडर लाइनवरचा पोरगा