सूचना: स्मोक अलार्म उगाच वाजतोय म्हणून बॅटरी काढू नका

मंडळी, इंग्लंडात भाड्याच्या घरात राहणाऱ्या सगळ्यांसाठी. थंडीत खिडक्या बंद असतात आणि मिरचीची फोडणी दिली की अलार्म बोंबलतो, मग लोक सरळ बॅटरी काढतात नाहीतर वर प्लास्टिकची पिशवी बांधतात, प्लीज हे करू नका, रात्री खरंच आग लागली तर जागं कोण करणार?

मिनिटभराने एकदाच चिक् असा आवाज येत असेल तर बहुतेक बॅटरी संपत आलीये. सलग वाजला तर आधी घरभर बघा, आग नाही याची खात्री झाली की मगच हश बटण (आवाज थोडा वेळ बंद करणारं) दाबा. जाळीत धूळ, बारीक किडे अडकतात, व्हॅक्यूमच्या मऊ ब्रशने बाहेरून साफ करा. बाथरूमच्या दारासमोर असेल तर वाफेनेही वाजतो. अलार्मवर तारीख असते तीही बघा, 10 वर्षं झाली असतील तर नवीनच हवा.

किचनजवळ आयोनायझेशनवाला (स्वयंपाकाच्या धुराने पटकन वाजणारा प्रकार) असेल तर घरमालकाकडे ऑप्टिकल (प्रकाशाने धूर ओळखणारा) मागा, किचनमध्ये हीट अलार्म, म्हणजे धुराने नाही तर उष्णतेने वाजणारा. बिघाड कळवल्यावर दुरुस्त करणं किंवा बदलून देणं 1 ऑक्टोबर 2022 पासून घरमालकावर बंधनकारक आहे, म्हणून कळवल्याचा पुरावा राहावा यासाठी फोनवर नको, ईमेलच करा.

आणि कार्बन मोनॉक्साइडचा (विषारी वायूचा) अलार्म वेगळा बरं का, तो वाजला तर गॅसची उपकरणं बंद करून लगेच बाहेर पडा.